होणाऱ्या सासऱ्यांसोबत विलायती गाडीत

नवी असताना जिच्या किमतीत आमची अख्खी आळी आली असती, अशा गाडीत मी आयुष्यात एकदाच माणूस घेऊन बसलो आणि मग मला तिच्यातून बाहेर पडता येईना. सोबतचा माणूस माझा होणारा सासरा होता. म्हणजे होणार की नाही हे त्या दुपारी ठरायचं होतं, आणि ते ठरवणारा माणूस माझ्या डाव्या कोपराला चिकटून घामाघूम बसला होता.

दोन हजार सालानंतर भिवंडीच्या आजूबाजूच्या भातशेतांत पत्र्याच्या शेडी उगवायला लागल्या. टेमघरच्या बाजूला आमचंही शेत होतं. वडिलांनी त्यावर गोडाऊन बांधलं, भाड्याने दिलं आणि बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या मला त्याच्या चाव्या दिल्या. लग्नाच्या माहितीपत्रकात माझ्या नावापुढे ‘मॅनेजर’ लिहिलं होतं. सकाळी कुलूप उघडायचं, संध्याकाळी लावायचं आणि मधल्या वेळात ते उघडंच आहे ना हे बघायचं, असं या मॅनेजराचं काम. कापडाच्या गाठी चढवणारी-उतरवणारी हमालांची टोळी मला तोंडावर शेठ म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची ते पुढे येईल.

गोडाऊन एका कापडवाल्याला दिलेलं होतं. पण मधल्या एका पट्ट्यात, कव्हरखाली, एक गाडी उभी असायची. मुंबईतल्या एका वयस्कर गृहस्थांची. त्यांची इमारत पाडून नवी बांधायला घेतली होती आणि गाडीला जागा नव्हती. गाडी विलायतेची, जुनी, दोन दारांची, दोनच माणसांची, बुटकी आणि लांब. त्यांनी मला दोन कामं सांगितली होती. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून थोडा वेळ ठेवायचं आणि कव्हर कधीही पूर्ण काढायचं नाही, कारण भिवंडीच्या हवेत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, बारीक रुई उडत असते, ती रंगावर बसली आणि कोणी घाईने पुसली की ओरखडे येतात. दुसरं काम मी मनापासून केलं. पहिलं एका आठवड्यात विसरलो, मग पुढच्यात लाज वाटली म्हणून केलं नाही, आणि नंतर करायला गेलो तर बॅटरी मेलेली. गृहस्थांचा फोन यायचा, ‘‘गाडी बरी आहे ना?’’ मी म्हणायचो, ‘‘शांत आहे एकदम.’’ हे खोटं नव्हतं.

पण गाडीत मी रोज बसायचो. दाराजवळचं कव्हर उचलायचं, तंबूत शिरावं तसं आत शिरायचं, दार ओढून घ्यायचं आणि कव्हर वरून पडू द्यायचं. मागच्या डिकीत त्यांनी गाड्यांवरच्या इंग्रजी मासिकांचा खोका ठेवला होता. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती मासिकं वाचली. परीक्षेला एवढं वाचलं असतं तर आज मी कुठल्यातरी बँकेत असतो. ही गाडी कशी बनते, कोण बनवतं आणि एवढी महाग का, हे मला तोंडपाठ झालं. चालवता मात्र येत नव्हती. ही नव्हे, कुठलीच.

अशा अवस्थेत दिघाशी गावाला मुलगी बघायला गेलो. याआधीची स्थळं मी बोलून घालवली होती. आई निघताना म्हणाली होती, ‘‘विचारतील तेवढंच सांग. हेही गेलं तर तुझ्या तोंडाला गोडाऊनचं कुलूप लावीन.’’ मी गप्प बसलोही होतो. मुलगी आली, पोह्यांची बशी ठेवली, समोर बसली. सावळी, ताठ बसणारी, आणि हसू दाबताना गालाला एका बाजूला खळी पडणारी. मला ती आवडली. आवडली म्हणजे इतकी, की तिच्या वडिलांनी ‘‘पाव्हणं, काम काय करता?’’ विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘‘इंपोर्टेड गाड्यांचं बघतो.’’

आईने माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. मुलीने एकदाच डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं, अशा समजुतीत मी घरापर्यंत आलो.

तिचे वडील जाडजूड, तांबूस डोळ्यांचे, थोडं बोलणारे. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. जमिनीचा व्यवहार असो नाही तर भावाभावांचं भांडण, पाच माणसांत ते जे बोलतील ते बदलायचे नाहीत. स्वतःचं नुकसान झालं तरी नाही. असा माणूस होकार द्यायला वेळ घेतो. त्यांनी निरोप पाठवला, विचार करून कळवतो. आणि विचार करायला ते एका शुक्रवारी दुपारी, न सांगता, मोटारसायकलवरून थेट गोडाऊनवर आले.

मी स्टुलावर बसून पंख्याखाली डुलकी काढत होतो. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, सगळं गाव जरा सैल असतं, आणि त्या दिवशी वीजही जायची. पंखा बंद पडला म्हणून डोळा उघडला तर समोर ते उभे.

‘‘या मामा,’’ मी धडपडत उठलो.

‘‘अजून मामा न्हाय झालो. काका म्हन.’’

‘‘बसा काका. चहा मागवतो.’’

‘‘चा नको. गाड्या दाखव.’’

गाड्या. अनेकवचन. मी म्हणालो, ‘‘सध्या एकच आहे. बाकीच्या गेल्या.’’

‘‘कुठं?’’

‘‘ज्याच्या त्याच्याकडे.’’

त्यांनी डबीतून तंबाखू काढली, चुना लावून मळली, गालात ठेवली आणि म्हणाले, ‘‘एक तर एक.’’

मी त्यांना कव्हरपाशी नेलं. माझा विचार सोपा होता. बाहेर उभे राहिले तर चालू करून दाखव म्हणतील. आत बसवलं तर कातड्याच्या वासाने आणि माझ्या ज्ञानाने गुंगतील. मी डाव्या बाजूचं कव्हर उचललं, त्यांना आत सरकवलं. बसणं सोपं नव्हतं. गाडी इतकी बुटकी की आधी पाटावर बसावं तसं खाली जायचं आणि मग पाय आत घ्यायचे. ते बसले, कण्हले, म्हणाले, ‘‘ही गाडी हाय का खड्डा?’’ मी वळसा घालून उजवीकडून शिरलो. दोन्ही दारं लागली. कव्हर खाली पडलं. आत मळकट उजेड आणि जुन्या चामड्याचा वास.

‘‘ऐकलात आवाज?’’ मी म्हणालो. ‘‘दार लागल्याचा?’’

‘‘ऐकला. मग?’’

‘‘आपल्या जीपचं दार खडखडतं. हे कसं लागलं? भरलेल्या पिंपावर झाकण ठेवावं तसं. याला पैसे पडतात, काका.’’

त्यांनी दार पुन्हा उघडून लावून पाहिलं. पुन्हा एकदा. मान हलली. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात बाहेर ट्रक लागला.

टोळी आली होती. कापडवाल्याचा माल कितीतरी आठवडे आला नव्हता, मंदी होती, गाडीच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी पडून होती. आज नेमका आला. गाठी उतरवायचे आवाज सुरू झाले, ओरडणं, पायांची धावपळ. काका म्हणाले, ‘‘मानसं आली तुझी. बोलव, ओळख होऊं दे.’’

इथे मी घोटाळा केला. टोळीतल्या कुणीही तोंड उघडलं असतं तर माझ्या इंपोर्टेड धंद्याची हवा गेली असती. मी आवाज खाली आणून, जाणकाराच्या थाटात म्हणालो, ‘‘माल उतरताना मधे बोलायचं नसतं काका. मोजणी चुकते. त्यांना जाऊ दे, मग निघू.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले. कामाची शिस्त त्यांना आवडली असावी.

आम्ही गप्प बसलो. बाहेर टोळीच्या मुकादमाचा आवाज आला, अगदी कव्हरच्या पलीकडे.

‘‘वो चावीवाला किधर गया?’’

‘‘सोया होगा कहीं,’’ दुसरा म्हणाला.

‘‘सुना है उसकी शादी की बात चल रही है.’’

‘‘हां. लड़कीवालों को बोल के आया, गाड़ियों का धंधा है. खुद बता रहा था हमको.’’

‘‘कौन सी गाड़ी? ये? इसकी तो बस धूल पोंछता है.’’

‘‘वो भी ऊपर ऊपर से.’’

सगळे हसले. मी समोरच्या काचेकडे बघत होतो. काचेपलीकडे कव्हरचं कापड होतं, तरी मी तिकडेच बघत होतो.

काकांनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. ‘‘कोन रं ह्यो चावीवाला?’’

‘‘असतो एक इथे.’’

‘‘कसा हाय?’’

‘‘तसा बरा आहे.’’

‘‘हूं,’’ ते म्हणाले.

बाजूला धप्प, धप्प गाठी पडत होत्या. मग आवाज थांबले. मुकादम म्हणाला, चलो, नमाज का टाइम हो रहा है, खाना खाके आएंगे. ट्रक गेला, पावलं गेली, सामसूम झाली. मी सुटकेचा श्वास टाकून दार उघडलं. ते तळहाताएवढं उघडलं आणि गाठीला टेकून थांबलं.

काकांच्या बाजूलाही तेच.

आता हे का झालं ते सांगायला हवं. कापडवाल्याची जागा कुठवर आणि गाडीची कुठवर, हे दाखवायला जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले होते. मारणारा मीच. कापडवाल्याला जास्त जागा दिली की भाडं जास्त, म्हणून मी गाडी उभी असताना तिच्या अंगालगत, जरा ऐसपैस म्हणून वीतभर सोडून, दोन्हीकडे पट्टे ओढले होते. दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात, ती उघडायला जागा लागते, हे मासिकात कुठे लिहिलं नव्हतं. आणि टोळीचा नियम पक्का. पट्ट्यापर्यंत म्हणजे पट्ट्यापर्यंत. दोन्ही बाजूंना आणि मागे, छातीइतक्या उंच, गोणपाटात शिवलेल्या गाठींच्या भिंती उभ्या होत्या. पुढे तर शेडची भिंतच.

‘‘काच खाली कर,’’ काका म्हणाले.

‘‘बटनावर चालते.’’

‘‘मग दाब.’’

‘‘बॅटरी…’’ मी म्हणालो.

‘‘हॉर्न?’’

‘‘त्यालाही तीच बॅटरी.’’

‘‘मोबाइल?’’

माझा मोबाइल टेबलावर चार्जिंगला होता आणि वीज नव्हती. त्यांच्याकडे मोबाइल नव्हताच. घेऊ कधीतरी म्हणत होते. आम्ही दाराच्या फटीतून ओरडून पाहिलं. तो आवाज गाठींनीच खाल्ला. शुक्रवारच्या दुपारी आसपास होतं तरी कोण.

मे महिना. वर पत्रे तापलेले, खाली कव्हर, त्याखाली आम्ही. कातड्याची सीट आधी थंड वाटली होती, आता पाठीला चिकटायला लागली. काकांना मुख्य अडचण वेगळीच होती. तोंडात तंबाखू भरली होती. थुंकायला जागा नव्हती. त्यांनी फटीतून अंदाज घेतला. समोर कापडाची गाठ.

‘‘परक्याच्या मालावर न्हाय थुकनार,’’ ते म्हणाले, मान वर करून, तोंड अर्धं मिटून.

‘‘नका,’’ मी म्हणालो.

‘‘मंग?’’

मला ॲशट्रे आठवली. मधल्या लाकडी पट्टीत एक चकचकीत झाकण होतं. बोटाने दाबलं की हळूच, पाहुण्यासमोर तबक यावं तशी ती बाहेर यायची. तिच्यात एवढ्या वर्षांत कोणी सिगारेटही विझवली नसेल. मी ती दाबली. काकांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाकले.

‘‘ल्हान हाय,’’ नंतर ते म्हणाले.

‘‘विलायतेत तंबाखू खात नाहीत.’’

तोंड मोकळं झाल्यावर ते बोलायला लागले, आणि मला कळलं, आधीच बरं होतं.

‘‘सांग मना,’’ ते म्हणाले, ‘‘ह्यो खड्डा नवा होता तवा कवढ्याचा होता?’’

मी आकडा न सांगता आळीचा हिशोब सांगितला. अख्खी आळी, गोठ्यांसकट.

‘‘कशापायी? चार चाकं, दोन मानसं. आमच्या टेम्पोत वीस बसतात.’’

आता मला दुसरं काही करता येत नव्हतं. पळता येत नव्हतं, विषय बदलता येत नव्हता, चहा आणतो म्हणून उठता येत नव्हतं. मला जे खरोखर येत होतं ते मी सांगायला लागलो.

‘‘काका, ही साच्यातून काढलेली नाही. हिचा पत्रा माणसांनी हातोडीने ठोकून आकाराला आणलाय, लाकडाच्या ठोकळ्यावर धरून. त्यामुळे एका गाडीचं दार दुसरीला बसत नाही. प्रत्येक दार त्याच गाडीला घासून घासून बसवलेलं.’’

‘‘म्हंजे सुताराच्या कामासारखा.’’

‘‘तसंच. आणि हे कातडं. एका गाडीला कितीतरी गुरांची कातडी लागायची. तीही अशा ठिकाणची, जिथे कुंपणाला काटेरी तार नसते. तारेला अंग घासलं की ओरखडा राहतो, आणि ओरखड्याचं कातडं यांना चालत नाही.’’

त्यांनी सीटवर तळवा फिरवला. ‘‘आमच्या म्हशी न्हाय चालनार ह्यांना.’’

‘‘नाही चालणार.’’

‘‘दिघाशीतली येक पन न्हाय,’’ ते जरा दुखावून म्हणाले. ‘‘पुढं सांग.’’

‘‘हे लाकूड बघा. डावीकडची रेघ आणि उजवीकडची रेघ आरशात बघितल्यासारखी जुळते. एकाच झाडाच्या गाठीचे पातळ पापुद्रे काढून समोरासमोर चिकटवलेत. जुळलं नाही की फेकून द्यायचं.’’

‘‘कुनी बघतंय का ते?’’

‘‘आता तुम्ही बघितलंत.’’

‘‘तू दाखवलंस म्हनून.’’

मी इंजिनाकडे वळलो. एक इंजिन एकच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवायचा, गाडीत बसवायच्या आधी ते बाहेरच तासनतास पळवून बघायचे. तुफान वेगात जायची म्हणून ब्रेक वेगळे, टायर वेगळे, गिअर वेगळे. दुसऱ्या कुठल्याही गाडीचा भाग हिला चालत नाही, सगळं हिच्यासाठीच बनवायचं. काका ऐकत होते, घाम पुसत होते. मग म्हणाले, ‘‘पन हे तर समद्या गाड्यांना लागतंय. इंजन, बिरेक. आमच्या जीपला न्हाय का?’’

‘‘तुमच्या जीपचा खर्च लाखो जीपांत वाटला जातो. तुमच्या शेजारच्यांकडे लूम होते ना?’’

‘‘होते.’’

‘‘नवं कापड लावायचं म्हणजे आधी ताण्याचा बीम भरायचा, हजारो धागे एकेक करून ओवायचे. दिवस जातो. मग त्यावर ताग्यावर तागे निघतात, म्हणून मीटरला तो खर्च कळत नाही. समजा कोणी आला आणि म्हणाला, एवढं सगळं ओवा, पण मला फक्त एक रुमाल द्या. त्या रुमालाची किंमत काय लावाल?’’

‘‘मारीन त्याला.’’

‘‘ही गाडी म्हणजे तो रुमाल. अशा फार थोड्या बनवल्या. सगळी डोकेफोड, सगळे नकाशे, शर्यतीत घालवलेला पैसा, सगळं त्या थोड्यांवर.’’

त्यांनी पुन्हा लाकडावरून बोट फिरवलं. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, ‘‘आनि हितं आनायला?’’

‘‘बोटीने. आणि सरकारची ड्युटी. ती गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.’’

‘‘म्हंजे येक गाडी घेनाऱ्यान घेतली, आनि दुसरीचा पैसा सरकारन घेतला, पन दुसरी गाडी कुनालाच न्हाय.’’

‘‘बरोबर.’’

‘‘जल्लं त्याचं. आनि घेनारा तरी का घेत होता?’’

याचं उत्तर मासिकात गुळमुळीत दिलेलं होतं. मी माझ्या मनाने म्हणालो, ‘‘लग्नाच्या हळदीला बेंजोचं एवढं वाजवणं का ठेवतो आपण? दोन स्पीकरांत आवाज होतो की. तरी ट्रकभर का आणतो?’’

या एका उत्तराला ते पहिल्यांदा हसले. पोट हलल्याने माझं कोपर सीटमध्ये रुतलं. ‘‘हां. शेजारचा दोन ट्रक आनील म्हनून.’’

‘‘काही किंमत पत्र्याची, काही शेजाऱ्याची.’’

‘‘हे समदं तुना म्हायती हाय,’’ ते म्हणाले, आणि आवाज बदलला, ‘‘मंग चालवता येते का?’’

मी स्टिअरिंगवर बसलो होतो. दोन्ही हात त्यावर होते. एवढ्या जवळून विचारलेल्या प्रश्नाला खोटं बोलायला तोंड दुसरीकडे फिरवायला लागतं, आणि फिरवायला दुसरीकडे जागा नव्हती.

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘ही?’’

‘‘कुठलीच.’’

‘‘मंग चावीवाला तूच.’’

‘‘हो.’’

त्यांनी चप्पल काढून हातात घेतली आणि काचेवर टकटक करून पाहिलं. ‘‘फोडू?’’

‘‘नको, काका. ही काच आता मिळत नाही. आधी मला चपलेने मारा.’’

त्यांनी चप्पल मांडीवर ठेवली. मारायचं की फोडायचं, याचा विचार बहुतेक शेवटपर्यंत चालू होता. मला वाटत होतं, टोळी परत येऊच नये. बाहेर पडलो की हा माणूस मोटारसायकलला किक मारणार, आणि ती खळीची मुलगी दुसऱ्या कुणासमोर पोह्यांची बशी ठेवणार. आत होतो तोवर निदान नकार आला नव्हता. त्याच वेळी मला श्वास घ्यायचा होता. अशी माझी दोन्हीकडून गाठ.

टोळी आली. आम्ही दोघंही एकदम ओरडलो. पावलं थांबली.

‘‘कौन है?’’ मुकादम.

‘‘मैं,’’ मी फटीतून म्हणालो.

‘‘मैं कौन?’’

बाजूला काका. मी म्हणालो, ‘‘चावीवाला.’’

कव्हर बाजूला झालं आणि फटीत मुकादमाचा डोळा दिसला. त्याने मला पाहिलं, मग पलीकडे पाहिलं. ‘‘ये कौन बैठा है?’’

‘‘मेहमान है,’’ मी म्हणालो.

‘‘कव्हर के अंदर? बंद गाड़ी में?’’ मुकादमाचा आवाज कडक झाला. महिनाभर आधीच पलीकडच्या शेडमधून एका गाडीचे भाग चोरीला गेले होते आणि संशय टोळीवर घेतला होता. ‘‘सुनो रे, कोई गांठ मत हिलाना. बड़े शेठ को बुलाओ. मुंबईवाले की गाड़ी है, कल को हमारे नाम पे आएगा. चाचा, आप कौन हो? कहां से आए? गाड़ी में क्या कर रहे थे?’’

आणि फटीत एकामागून एक डोळे यायला लागले. दिघाशीत ज्याच्या शब्दावर बांध सरकतात, तो माणूस हातात चप्पल धरून, घामाने ओला, चोर म्हणून बघितला जात होता. त्यांना हिंदी फारशी येत नव्हती. मी काही बोलायच्या आत ते गरजले.

‘‘अरे, ससुर हूँ मैं इसका. ससुर.’’

फटीतले डोळे मागे सरले. मग मुकादमच म्हणाला, अगदी नरम होऊन, ‘‘माफ करना ससुरजी. पहले बोलना था.’’ आणि टोळीला, ‘‘हटाओ रे गांठें. शेठ का ससुरजी है.’’ गाठी पुन्हा उचलायची वेगळी वाराई लागते, हमाल उचल-ठेवीच्या मजुरीला वाराई म्हणतात, पण त्या दिवशी कोणी तिचं नावही काढलं नाही. उलट मिठाई कधी, एवढंच विचारलं.

दार उघडलं. बाहेर यायला त्यांना दोघांनी हात दिले. ते उभे राहिले, धोतर झटकलं, टोळीकडे एकदा नजर फिरवली. मोजत होते ते माझ्या लक्षात आलं. पाचापेक्षा जास्तच होते.

ते मोटारसायकलपाशी गेले. सीटवर हात टेकून म्हणाले, ‘‘पाच मानसांत बोललो.’’

‘‘ती माणसं आपल्यातली नाहीत, काका. त्यांना काय.’’ हे मी का म्हणालो, देव जाणे. जमलेलं मोडायचीही मला सवय आहे.

‘‘मानसं मानसं असतात,’’ ते म्हणाले. ‘‘बस मागं.’’

‘‘कुठे?’’

‘‘दिघाशीला. तिला न विचारता शब्द दिला मी. आता तूच सांग तिला. मी येकटा न्हाय जानार.’’

म्हणजे तेही अडकले होते, आणि माझ्यापेक्षा वाईट. वाटेत वारा लागला तरी दोघांचा घाम सुकला नाही. घरी पोचलो तर ती ओटीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून पदर सावरून उठली. तिचे वडील खांबाकडे बघत उभे राहिले. सगळं मीच सांगितलं, गाठी, बॅटरी, मुकादम. ॲशट्रे वगळली. तेवढी अक्कल होती.

तिने ऐकून घेतलं. मग वडिलांना म्हणाली, ‘‘मना कुनी इचारलं?’’

‘‘पाच जनांत बोललो ग.’’

‘‘मंग ते पाच जन नांदनार हायेत का तितं?’’

वडील पाण्याचा तांब्या घ्यायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. ती माझ्याकडे वळली. ‘‘इंपोर्टेड गाड्यांचं काय बघता तुम्ही?’’

‘‘धूळ,’’ मी म्हणालो.

‘‘पुसता, का नुसती बघता?’’

मी गप्प राहिलो. आईला अभिमान वाटला असता. गालाला एका बाजूला खळी पडल्यासारखी दिसली, पण तोवर ती सूप घेऊन आत वळली होती. ‘‘बसा, चा ठेवते,’’ म्हणाली. ‘‘होकार न्हाय दिलेला. चा ठेवते, येवढंच.’’

मी मुंबईच्या गृहस्थांना फोन करून बॅटरीचं सांगितलं. ते पुढच्या महिन्यात बंद ट्रक पाठवून गाडी घेऊन गेले. त्या रिकाम्या जागेत मुकादमाने गाठी लावल्या. पिवळे पट्टे अजून खाली आहेत.

तिचा होकार पाऊस संपल्यावर आला, भात कापायच्या आधी. तोवरचे महिने कसे गेले ते मला विचारू नका. पण माझ्यापेक्षा हाल तिच्या वडिलांचे झाले. बाजाराला जायचा त्यांचा रस्ता आमच्या गोडाऊनसमोरून होता आणि टोळी त्यांना लांबूनच ओळखायची. ‘‘ससुरजी, सलाम. शादी कब है?’’ एवढ्या मायेने विचारणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं. काही दिवस त्यांनी दुरून वळसा घालून पाहिला, पण पेट्रोल आणि अपमान दोन्ही परवडेनात.

तिने मला का पसंत केलं, हे मी लग्नानंतर वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं आहे. खरं बोललो म्हणून? गाड्यांचं एवढं माहीत होतं म्हणून? दर वेळी ती भांडी घासत, मान न वळवता एकच उत्तर देते.

‘‘बाबांना त्या रस्त्यानं जाता येईना म्हनून.’’